उलट्या दिशेची तिरडी

माझ्या डाव्या भुवईच्या वर एक खाच आहे. आमच्या घरी तिला 'आराखडा' म्हणतात. थंडी वाढली की आत्या विचारते, "काय रे, आराखडा ठणकतोय का?" शहराच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या वाहतुकीचं नियोजन करताना मला ती मिळाली. इतरांना अशा कामात बढती मिळते.

मी नकाशे काढतो. बनारसात रस्ते कुठून न्यायचे, बस कुठं थांबवायच्या, रोपवेतून उतरलेली माणसं पुढं कुठं ओतायची, हे ठरवायचं काम एका बाहेरगावच्या मंडळींना मिळालं होतं आणि त्यांच्याकडं मी नोकरीला होतो. आमचे साहेब फार शिकलेले. कागदावरचं शहर पाहिलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरं शहर पाहिलं की नाकात धूळ जायची आणि ते गाडीत बसायचे. जुन्या शहराचा तुकडा त्यांनी मला दिला. कारण काय, तर मी ब्रह्मा घाटावर जन्मलो, घरात मराठी बोलतो आणि गल्लीत बनारसी शिव्या देतो. "तुम्ही इथलेच, तुम्हाला कोण हात लावणार?" ते म्हणाले. या एका वाक्यावरून त्यांचा अभ्यास किती खोल होता ते कळावं.

आमच्या गल्लीत वाहतुकीचे नियम दोनच. समोरून सांड आला तर माणसानं मागं सरायचं, आणि तिरडी आली तर सांडानंही मागं सरायचं. पहिला नियम मोटारसायकलवाले पाळत नाहीत. त्यातल्या एकाला सांडानं शिंगावर घेऊन पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत सोडलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. आतल्या बाईनं त्याला चहा विचारला होता. पण दुसरा नियम मोडलेला कुणी पाहिला नाही. "राम नाम सत्य है" ऐकू आलं की मारामारी करणारेसुद्धा एकमेकांची गळपट्टी न सोडता भिंतीला चिकटतात, तिरडी जाऊ देतात, तिला नमस्कार करतात, आणि मग राहिलेला ठोसा पुरा करतात.

आता आत्या. माझी आत्या इथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. छडी तिनं कधी हातात धरली नाही. ती फक्त "चुप!" म्हणायची. तेवढ्यानं शाळेतल्या मुली गप्प व्हायच्याच, पण मागच्या बाजूला गंगेत चाललेल्या नावांचे मल्लाहही वल्ही वर धरून थांबायचे. निवृत्त झाली आणि तिची दोन्ही मूत्रपिंडं बिघडली. ठरलेल्या वारी तिला दवाखान्यात नेऊन यंत्राला जोडायचं, रक्त बाहेर काढून धुवायचं आणि परत अंगात घालायचं. एक खेप चुकली की पाय सुजून उशा होतात. दोन चुकल्या की पाणी छातीत चढतं आणि माणूस कोरड्या खोलीत बसल्या बसल्या बुडतो. दवाखाना मैदागिनच्या चौकापलीकडं, आणि अँब्युलन्स चौकाच्या अलीकडं येऊच शकत नाही. म्हणून एका लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधून आम्ही आत्याला गल्ल्यागल्ल्यांतून चौकापर्यंत वाहून न्यायचो.

पहिला अडथळा घरातच. आत्या राहते तिच्या धाकट्या भावाकडं, म्हणजे माझ्या काकांकडं. काका पेशानं पुरोहित, अंगानं पैलवान. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं लावायची आणि उरलेल्या वेळात आखाड्यात मुद्गल फिरवायचे. मंत्राला आवाज चढवला की गंगेपलीकडच्या वाळूत कुत्री भुंकायला लागतात. त्यांच्या घराच्या कोपऱ्याला एक दगडी ओटा आहे, म्हणजे होता. गल्ली नेमकी जिथं काटकोनात वळते तिथं तो पोट काढून पुढं आलेला. सकाळी काका त्यावर मांडी घालून बसत आणि यजमान हेरत. त्या ओट्याला खुर्ची अडायची. ती तिरकी करून, जवळजवळ उभी करून काढावी लागे आणि दर खेपेला आत्याचे गुडघे दगडाला खरवडून निघत.

"माझं रक्त धुवायला नेता का सांडायला?" आत्या ओरडायची.

"ताई, पाय जरा आवरून धर," काका म्हणायचे.

"पाय काय खिशात घालू? तू ओटा फोड ना!"

"या ओट्यावर बसतो म्हणून चूल पेटते आपली. त्याला हात लावणाऱ्याचा हात मी खांद्यातून उपटीन."

हे ते मला ऐकवून म्हणत, कारण मी कुठं काम करतो ते त्यांना माहीत होतं.

साहेबांच्या नकाशात घाटाच्या डोक्यापर्यंत छोट्या बसचा रस्ता होता आणि तो काकांच्या बैठकीतून जात होता. त्या रस्त्यासाठी घरांवर लाल खुणा मारायच्या होत्या. इतर घरांच्या खुणा मारून होईपर्यंत मला दोन थपडा, एक चावा आणि वरून ओतलेली भांड्यांची राखुंडी एवढंच मिळालं होतं. काकांच्या घराशी मी मुद्दाम ते नदीवर असताना गेलो. टेप लावली, ब्रश बुडवला आणि ओट्याच्या आत हातभर सरकून रेघ ओढली. मागं पाहतो तो काका. संध्या आटोपून, ओलेत्यानं, हातात गंगेच्या पाण्याचा तांब्या.

"काय आहे हे?"

"काही नाही काका. नुसती खूण. पंचवीस वर्षांनी कधीतरी..."

तांब्या भरलेला होता म्हणून मी वाचलो की भरलेला होता म्हणून मेलो असतो, याच्यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. जखम आणि तिचं धुणं मात्र एकाच फटक्यात झालं. मी ओट्यावर आपटलो. माझं रक्त त्या रेघेवरून ओघळलं आणि रंग कुठं संपतो नि पुतण्या कुठं सुरू होतो ते कळेनासं झालं. काकांनी मला मानगुटीला धरून उलटा केला, ब्रश उचलला आणि माझ्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत लाल रेघ ओढली. "ही तुझी खूण! आता तुला इथून पाडतो!"

वरच्या खिडकीतून आत्या ओरडली, "सोड त्याला, राक्षसा! रेघ बरोबर आहे त्याची!" मग मला म्हणाली, "अजून थोडी आत घे रे, खुर्ची वळायला पाहिजे!"

टाके पडले. काका माझ्याशी बोलायचे थांबले. खुर्चीला खांदा मात्र आम्ही दोघंच द्यायचो, एक पुढं, एक मागं, एकमेकांकडं न बघता. गुडघे खरवडतच राहिले.

मग आली जनसुनावणी. कायद्यात असं आहे की शहराचं पुढं काय करायचं ते शहराला आधी विचारायचं. एका मोठ्या दालनात साहेबांनी थर्माकोलचं बनारस मांडलं होतं. त्यात पूल होते, रोपवेचे इवलेसे डबे होते, हिरव्या स्पंजाची झाडं होती. माणसं नव्हती, त्यामुळं वाहतूक फार सुरळीत चालली होती. साहेबांनी तासभर पंचवीस वर्षांनंतरचं सुख सांगितलं. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. "पचीस साल बाद तो हम मणिकर्णिका पर धुआँ हो चुके होंगे, साहब. आज घर कैसे जाएँ, ये बताइए."

साहेबांनी आजचंही सांगितलं. टोटो म्हणजे त्या बॅटरीवरच्या रिक्षा. त्या पावसातल्या किड्यांसारख्या वाढल्यात, तेव्हा प्रत्येक टोटोला रंगाचा पट्टा द्यायचा. पिवळ्यानं पिवळ्या भागातच फिरायचं, निळ्यानं निळ्यात. ही कल्पना, आता लपवून काय करू, माझी होती. मला मोठी हुशारीची वाटली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारा एक टोटोवाला उभा राहिला. उंचीनं कमी, मनगटानं जाड. "गुरू," तो मला म्हणाला, "सवारी को भी रंगोगे क्या? बुढ़िया पीले में बैठेगी और अस्पताल नीले में होगा, तो बीच में उड़ेगी?"

लोक हसले, साहेबांनी त्याला खाली बसायला सांगितलं, आणि त्याच क्षणी पहिली खुर्ची हवेत गेली. ती खाली आलेली मला आठवत नाही, कारण तोवर हवेत इतक्या खुर्च्या होत्या की दिवे दिसेनात. कुणीतरी साहेबांचं मुंडकं धरून थर्माकोलच्या बनारसात मानेपर्यंत खुपसलं. ते बाहेर आले तेव्हा एका कानात पूल होता आणि तोंडात रोपवेचा डबा. टोटोवाल्यानं रोपवेचा खांब उपटला, आणि तो थर्माकोलचा नव्हता, आत लोखंडी गज होता. माझ्या दोन बरगड्या त्या गजानं मोजल्या. मग लाठ्या आल्या. लाठीचं एक बरं असतं, ती कुठल्याच पट्ट्याचा रंग पाहत नाही. टोटोवाला आणि मी एकाच बाकाखाली सापडलो, एकाच लाठीनं सडकले गेलो आणि एकाच हातगाडीवर कण्हत घरी आलो. तेव्हापासून आमची दोस्ती.

तरीही रंगाचे पट्टे लागू झाले. आणि ज्या दिवशी लागू झाले त्या दिवशी शहरातले सगळे टोटो संप पुकारून मैदागिनच्या चौकात येऊन आडवे झाले.

त्या दिवशी आत्याची खेप होती. त्याच्या आधीची खेप यात्रेच्या गर्दीनं बुडाली होती. सकाळी ती बोलताना मधे थांबायला लागली, आणि आत्या बोलताना मधे थांबते म्हणजे काय ते घरातल्या भांड्यांनाही कळलं. पाय वीतभर सुजलेले, ओठांना जांभळी झाक. झोपवली की गुदमरायची, म्हणून लोडाला टेकून बसवलेली. दवाखान्याचा फोन आला, यंत्र रिकामं ठेवलंय, आज आणा, उद्या आणू नका. उद्या का नको, ते त्या बाईनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आम्ही खुर्ची काढली. ओट्यापाशी नेहमीचे गुडघे सोलले. पुढं गल्ली मोटारसायकलींनी ठासून भरलेली. चौक बंद म्हणून सगळं शहर आमच्या गल्लीत शिरलेलं. "मरीज है, रास्ता दो!" मी ओरडलो. एकानं हॉर्न वाजवला. काकांनी त्याचा हॉर्न उपटून त्याच्या हातात दिला. त्याच्या मागच्यानं मला हेल्मेटनं हाणलं, मी त्याला चावलो, तिघं काकांच्या पाठीवर चढले, काकांनी तिघांना पाठीसकट भिंतीवर दाबलं. या सगळ्यात खुर्चीचा पाय मोडला. आत्या कलंडली आणि चिखलात एका हातावर टेकून बसली. ती ओरडली नाही. श्वास वाचवत होती.

"मागं घ्या," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. बारीक.

घरी आणून तिला टेकवत होतो तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, "राम नाम सत्य है!" कुणाची तरी तिरडी चालली होती. खाली पाहिलं. ज्या मोटारसायकलींनी आम्हाला बोटभर जागा दिली नव्हती, त्या भिंतीवर चढल्या म्हटलं तरी चालेल. ज्याचा हॉर्न उपटला होता तोही नमस्कार करून उभा. तिरडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि गल्ली पुन्हा मिटली.

काका खिडकीतून वळले. "ताई, तिरडी बांधतो."

"मी... मेले नाही रे अजून."

"म्हणून तर बांधतो. मेल्यावर काय घाई असते?"

आत्यानं डोळे मिटून हिशेब केला असावा. "चष्मा घालूनच जाईन मी," ती म्हणाली.

काकांनी आयुष्यात किती तिरड्या बांधल्या असतील कोण जाणे. हात आपोआप चालतात. बांबू, कामट्या, सुतळी. फक्त गाठी मारताना नेहमीच्या मंत्रांऐवजी ते गणपतीचं अथर्वशीर्ष पुटपुटत होते, शुभकार्य चालल्यासारखं. आडवी केली तर आत्या गुदमरणार, म्हणून डोक्याकडं दोन लोड बांधून तिला अर्धवट बसती केली. पोटावर दवाखान्याची पिशवी. वरून केशरी शाल. दिसायला ते सगळं कुठल्याही धर्मात बसत नव्हतं. मी टोटोवाल्याला बोलावलं, तो संप सोडून आला. चौथा खांदा गल्लीतल्या दूधवाल्यानं दिला, कॅन तिथंच ठेवून.

ओट्याशी तिरडी अडली. खुर्ची तरी तिरकी व्हायची. तिरडी उभीच करावी लागली. सुतळीनं बांधलेली आत्या शालीआड उभी, नाक ओट्याच्या वरच्या भिंतीला. मागून दूधवाल्यानं जोर केला आणि तिचं कपाळ दगडावर आपटलं. खट्. शालीवर लाल ठिपका उमटला आणि मोठा होत गेला. आतून आवाज आला, अगदी हळू, "तुझ्या ओट्याला... आग लागो." काकांनी ऐकलं. पुढच्या डाव्या दांड्याला त्यांचा खांदा होता, चेहरा मला दिसत नव्हता. मानेच्या शिरा तेवढ्या दिसल्या.

"राम नाम सत्य है!" काका गरजले. गल्ली फाटली. अहो, अशी फाटली की भिंतींनी पोटं आत घेतली! बसती तिरडी पाहून लोकांना वाटलं कुणी संन्यासिनी माताजी, कारण संन्याशांना इथं बसवूनच नेतात. वरून झेंडू पडायला लागले. भैरवनाथाच्या देवळापर्यंत आम्ही पळतच आलो. पुढं मोठ्या रस्त्यावर संपवाल्यांची आणि दुकानदारांची दगडफेक चालली होती. आमचा आवाज ऐकून ती थांबली. एक वीट हवेत होती, तीही थांबली असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. ती तिरडी गेल्यावरच खाली पडली.

मैदागिनचा चौक आला आणि आमची चूक आमच्या पायांनी केली.

चौकातून दवाखाना सरळ. मणिकर्णिका डावीकडं. काकांचे पाय जन्मभर तिरडीखाली डावीकडंच वळलेले. ते डावीकडं वळले. दूधवाल्याचेही वळले. मी आणि टोटोवाला सरळ. तिरडी चौकाच्या मधोमध भोवऱ्यासारखी एक गिरकी घेऊन थांबली, आणि काका भानावर येऊन ओरडले, "नाही नाही, सरळ! अस्पताल!"

ते त्यांनी हिंदीत ओरडायला नको होतं.

समोरून खरी तिरडी येत होती. तिच्या पुढचा माणूस थबकला. "उलटा कहाँ ले जा रहे हो?" काशीत प्रेत नदीकडं जातं. देशभरातून माणसं मरायला इथं येतात, जळायला इथं येतात. प्रेत घेऊन नदीकडं पाठ करून, ते सुद्धा दवाखान्याकडं पळणारी माणसं त्या चौकानं कधी पाहिली नव्हती. आम्हा चौघा काशीकरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. रस्ता मिळवण्याचा विचार केला, दिशेचा केलाच नाही. आणि मी म्हणे वाहतूक नियोजक.

"मिट्टी चुरा रहे हैं!" कुणीतरी म्हणालं, मिट्टी म्हणजे प्रेत. "माताजी को काटके बेचेंगे!" दुसरं.

मग आमच्यावर आभाळ कोसळलं. माझा पुढचा दात, म्हणजे जो मी हसताना दाखवायचो, तो पहिल्याच ठोशात गेला. मी तो गिळला. दूधवाल्याला खऱ्या तिरडीतला बांबू काढून मारला. टोटोवाल्याला त्याच्याच संपवाल्यांनी फितूर म्हणून खाली घेतलं आणि तो खालून एकेकाच्या पोटऱ्या पिळत होता. काका एका खांद्यावर तिरडीचा दांडा तोलून दुसऱ्या हातानं माणसं खुडत होते. हात आला की हात, कान आला की कान. त्यांचं जानवं तुटलं, भुवई फुटली, पण दांडा खांद्यावरून उतरला नाही. लाठ्या आल्या. विटा आल्या. खऱ्या तिरडीवरचं प्रेत रस्त्याच्या कडेला शांत वाट बघत पडलं होतं. त्या चौकात शिस्तीनं उभं असलेलं वाहन तेवढं एकच.

एक वीट आत्याच्या लोडाला लागली. शाल घसरली. आत्या उठून बसली. कपाळावरून रक्ताची धार चष्म्याच्या काचेवर आलेली, केस सुटलेले.

"चुप!"

गंगेत नावा थांबल्या असतील. चौक तर थांबलाच. एक हवालदार लाठी वर धरून तसाच मागं आडवा झाला. काही लोक पळाले, काहींनी जमिनीवर लोटांगण घातलं. माझ्या छातीवर बसलेल्या दांडगटानं माझा गळा सोडून स्वतःचे दोन्ही कान धरले, कारण त्याची आई आत्याच्या वर्गात होती आणि घरी हा शब्द त्यानं तिच्याच चालीत ऐकला होता. "जिंदा हूँ," आत्या म्हणाली. "अस्पताल जाना है। रास्ता..."

पुढचा शब्द निघाला नाही. सगळा श्वास त्या एका "चुप"ला लागला होता. तोंड उघडं, आत काही जाईना. ओठ शाईसारखे झाले आणि मान लोडावर कलली.

इथं मी फुगवून सांगत नाही. मी काकांकडं पाहिलं, काकांनी माझ्याकडं. तांब्या मारल्यापासून पहिल्यांदा.

"उठाओ बे!" टोटोवाला रस्त्यावरूनच किंचाळला. आणि ज्यांनी आम्हाला मारलं होतं त्यांनीच तिरडी उचलली. खऱ्या तिरडीचे खांदेकरीही आले. पुढं संपवाले धावत सुटले आणि रस्ता करत गेले. त्यांच्या पद्धतीनं. टोटो उचलून दुकानांच्या पायऱ्यांवर भिरकावले, एक मोटार चार बाजूंनी धरून गटारावर आडवी टाकली, जो विचारत थांबला त्याच्या थोबाडीत. आमच्या साहेबांना ज्या रुंदीकरणाला पंचवीस वर्षं लागणार होती ते त्या माणसांनी नुसत्या हातांनी केलं. दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्यानं तिरडी पाहून हात आडवा केला, "डेड बॉडी पिछले गेट से।" काकांनी त्याला बिजागरीसकट दारासह बाजूला ठेवलं आणि आत गेले.

यंत्रानं आत्याच्या अंगातून इतकं पाणी काढलं की दवाखान्याची टाकी भरली. बरं, टाकी राहू द्या. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "चष्मा कुठाय?" तिच्या डाव्या भुवईवर टाके होते. माझ्या खाचेच्या अगदी जोडीला. काका पलंगाशी उभे होते. ते तिच्या टाक्यांकडं बघत, मग माझ्या खाचेकडं. स्वतःची फुटलेली भुवई त्यांनी कुणाला दाखवलीच नाही.

मैदागिनला आमचे वाहनं मोजणारे लोक बसवलेले असतात. त्यांनी त्या दिवशी 'इतर' या रकान्यात तिरडी लिहिली होती. साहेबांनी मला विचारलं की हे कुठलं वाहन, जुन्या शहरात इतका वेग कुणाचाच नाही. मी म्हटलं, स्थानिक आहे, पंचवीस वर्षांनीही राहील. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या खेपेच्या दिवशी सकाळी धमाधम आवाजानं मला जाग आली. धावत गेलो. काका लंगोटावर, डोक्यावर भलामोठा घण, आणि समोर ओटा. मुद्गल फिरवणारे खांदे ते. पहिल्या घावानं कड उडाली आणि समोरच्याचं दार फोडून आत गेली. दुसऱ्यानं पाटाएवढी फरशी दुभंगली. ते ओरडत नव्हते. प्रत्येक घावाला नाकातून एक आवाज, रडणं आवरल्यासारखा, पण डोळे कोरडे. शेजारी बाहेर आला, "पंडितजी, मेरी दीवार हिल रही है!" काकांनी घण खाली ठेवला, शेजाऱ्याच्या एक ठेवून दिली, घण पुन्हा उचलला. शेजाऱ्याचे दोन मुलगे आले. त्यांना मी घेतलं अंगावर. खाली दगड उडतायत, वर माझ्या डोळ्यापुढं तारे, टोटोवाला धावत आला तो आधी भांडणात आणि मग खुर्चीकडं.

तासाभरानं ओट्याच्या जागी कच्चा, पांढरा, फोडलेला कोपरा होता. काकांच्या तळहातांची साल निघाली होती. शेजाऱ्याच्या मुलांनी तेवढ्यापुरतं मला सोडलं, आणि आम्ही आत्याला बाहेर आणली. नवा पाय ठोकलेली खुर्ची कोपऱ्यावर आली. मी सवयीनं माझी बाजू वर उचलली.

"खाली धर," काका म्हणाले. "सरळ."

खुर्ची वळली. सपाट. आत्यानं आपले गुडघे पाहिले, मग हात लांब करून फोडलेल्या दगडावरून बोटं फिरवली. पांढरी भुकटी लागली ती पदराला पुसली.

"आता उद्यापासून बसशील कुठं रे?" तिनं काकांना विचारलं.

"उभा राहीन," काका म्हणाले, आणि पुढच्या मोटारसायकलवाल्याला त्यांनी हाक घातली.